मनाच्या विद्येचे दार आणि अर्जदार

कोणत्याही शास्त्राचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे लेखकाची दृष्टी प्रथम शोधांकडे आणि मागाहून शोधकांकडे वळते. कोणता नियम कोणी मांडला, कोणता ग्रंथ कोणत्या साली निघाला, कोणत्या मताने कोणत्या मताचा पाडाव केला, ह्या हकीकतींनी पानेच्या पाने भरून निघतात. परंतु त्या शास्त्राच्या दाराशी कोण उभे राहिले, त्यांतून कोणास आत घेतले, कोणाच्या शब्दावर घेतले आणि जे बाहेर राहिले ते कशामुळे राहिले, ह्याचा वृत्तांत सहसा कोणी लिहीत नाही. इतर शास्त्रांच्या बाबतीत ही उणीव एक वेळ चालून जाईल. गंधकाची परीक्षा करणारा विद्यार्थी कोणत्या गावचा आहे हे पाहून गंधक आपला गुणधर्म बदलीत नाही. मानसशास्त्राची गोष्ट निराळी आहे. तेथे अभ्यासाचा विषय मनुष्य आणि अभ्यास करणाराही मनुष्यच. सबब दारातून कोण आत गेले, ह्यावरच कोणाच्या मनाचा अभ्यास व्हावयाचा हे पुष्कळ अंशी ठरत असते.

'अर्ज' हा शब्द आपल्या भाषेत फारसीच्या मार्गाने, दरबारातून आला. अर्ज करणारा खाली उभा, अर्ज ऐकणारा वर बसलेला, आणि मधे मर्जी! आजच्या विद्यापीठाच्या छापील अर्जात, किंवा यंत्राच्या पडद्यावर भरावयाच्या रकान्यांतही, त्या दरबाराचा वास अजून पुरता गेलेला नाही. मानसशास्त्राच्या उच्च अभ्यासक्रमास प्रवेश मागणाऱ्या विद्यार्थ्याची जामिनकी गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत कोणकोणत्या रीतीने घेतली गेली, हे पाहण्याचा आमचा आज विचार आहे. आणि ही पाहणी आम्ही लाइप्झिग किंवा कलकत्ता येथे उभे राहून न करता हातकणंगल्याच्या स्टेशनावर उभे राहून करणार आहो.

हातकणंगलेच का, असे वाचक विचारतील. कोल्हापूरच्या पूर्वेस वीसएक किलोमीटरवर असलेले हे तालुक्याचे गाव. कोल्हापूर-मिरज लोहमार्ग १८९१ साली सुरू झाला, त्यावरचे हे एक स्थानक. संस्थानी अमदानीत ह्या भागास आळते पेटा म्हणत. इचलकरंजीचे माग, हुपरीची चांदी, वारणा-पंचगंगेच्या काठचा ऊस आणि बाजारात कानांवर येणारी मराठीबरोबरची कानडी, ही ह्या तालुक्याची ओळख. उच्च अभ्यासक्रमासाठी आमच्याकडे शिफारसपत्रे मागण्यास जे विद्यार्थी येतात, त्यांत ह्या मुलखातील मुलामुलींचा भरणा असतो. त्यांच्या घरच्यांस ह्या विद्येचे नाव सांगितले तर 'म्हणजे वेड्यांचा डॉक्टर का?' हा प्रश्न ठरलेला. त्या घरच्यांसाठी हा लेख आहे.

युरोपात मानसशास्त्राने तत्त्वज्ञानाच्या घरातून आपली चूल वेगळी मांडली ती १८७९ साली, असे मानण्याचा प्रघात आहे. त्या साली विल्हेल्म वुंट ह्यांनी लाइप्झिग येथे प्रयोगशाळा चालू केली. देशोदेशींचे तरुण तेथे जाऊ लागले. अमेरिकेतील स्टॅन्ली हॉल व कॅटेल हे त्यांतलेच. वुंट ह्यांचे एक शिष्य ह्यूगो म्युन्स्टरबर्ग ह्यांस विल्यम जेम्स ह्यांनी १८९२ साली हार्वर्ड येथे बोलावून घेतले. त्या म्युन्स्टरबर्गांजवळ शिकून आलेले नरेंद्रनाथ सेनगुप्त हे १९१६ साली कलकत्ता विद्यापीठात निघालेल्या प्रायोगिक मानसशास्त्राच्या विभागाचे प्रमुख झाले. हिंदुस्थानातील हा अशा प्रकारचा पहिला विभाग. म्हैसूरला १९२४ साली जो विभाग निघाला, त्याचे गोपालस्वामी हे लंडनच्या स्पिअरमन ह्यांचे विद्यार्थी, आणि स्पिअरमन पुन्हा लाइप्झिगचेच. येणेप्रमाणे पूर्वेची व दक्षिणेची अशा दोन्ही शाखा एकाच गंगोत्रीपाशी जाऊन मिळतात. गुरुपरंपरा ही केवळ गाणाऱ्या घराण्यांचीच मिरास आहे असे समजणारांनी हा वंशवृक्ष अवश्य पाहावा.

ह्या काळी प्रवेशाचा व्यवहार साधा होता. गुरूने शिष्यास पाहावे, शिष्याने गुरूचे काम पाहावे आणि उभयतांचे जमले की कामास लागावे. ह्या रीतीचा सर्वोत्तम नमुना म्हणजे कलकत्त्याचे गिरींद्रशेखर बोस. हे गृहस्थ वैद्यकाचे पदवीधर. रोगी तपासता तपासता मनाच्या दुखण्यांकडे त्यांचे लक्ष वेधले. कलकत्त्यास नवा विभाग निघताच ते पुन्हा विद्यार्थी झाले, १९१७ साली त्यांनी मानसशास्त्राची एम्. एस्सी. घेतली आणि १९२१ साली दमन ह्या कल्पनेवर प्रबंध लिहून ते डॉक्टर ऑफ सायन्स झाले. पुढील वर्षी त्यांनी मनोविश्लेषणाची भारतीय संस्था स्थापिली. व्हिएन्नाच्या फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार बरीच वर्षे चालला, भेट मात्र कधी झाली नाही. वाचकांनी येथे एवढेच ध्यानात ठेवावे, की बोस हे दाराशी रिकाम्या हाताने गेले नव्हते. आपल्या रोग्यांनी घातलेली कोडी ते बरोबर घेऊन गेले होते.

महाराष्ट्रात ह्या वेळी काय स्थिती होती? मुंबईचे विद्यापीठ १८५७ चे, कोल्हापूरचे राजाराम कॉलेज १८८० चे. परंतु तर्कशास्त्र व नीतिशास्त्र ह्यांच्या पंक्तीस बसून मानसशास्त्र दीर्घकाळ तत्त्वज्ञानाच्याच ताटात जेवत होते. राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकविणारे प्रोफेसर ना. सी. फडके ह्यांचे नाव महाराष्ट्रास कादंबरीकार म्हणून ठाऊक आहे. मनाचे व्यापार हा विषय त्या काळी वर्गापेक्षा कादंबरीतच अधिक रंगला, असे कोणी म्हटले तर त्यात विनोदाबरोबर थोडे सत्यही आहे. प्रयोग पाहावयाचा, उपकरण हाताळावयाचे, तर कलकत्ता किंवा म्हैसूर गाठावे, नाही तर समुद्र ओलांडावा.

आणि समुद्र ओलांडणे म्हणजे आश्रयदाता शोधणे. येथे आपल्या तालुक्याचा संबंध येतो. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी १९०१ सालापासून निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहतील अशी तजवीज केली, १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकरीत निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा कायदा केला. ह्याच आळते पेट्यातील कुंभोज गावी १८८७ साली जन्मलेले भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहून शिकले. त्यांचे स्वतःचे शिक्षण इंग्रजी सहाव्या इयत्तेपुढे गेले नाही. परंतु त्यांनी १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने इतरांच्या मुलांस मॅट्रिकच्याच काय, एम्. ए. च्या दारापर्यंत नेऊन पोचविले. दाराशी पोचणे हेच जेथे नशिबी नाही, तेथे दार उघडे की बंद ह्या वादास अर्थ नसतो. भाऊरावांनी दारापर्यंतचा रस्ता बांधला.

ह्याच तालुक्यातील माणगाव येथे १९२० च्या मार्च महिन्यात बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. अध्यक्षस्थानी डॉ. आंबेडकर होते आणि शाहू महाराज स्वतः आले होते. त्या परिषदेचे राजकीय महत्त्व पुष्कळांनी सांगितले आहे. आम्हांस ती निराळ्या कारणाने आठवते. त्या व्यासपीठावर बसलेले अध्यक्ष हे परदेशातील उच्च शिक्षणासाठी अर्ज, करार, शिफारस ह्या साऱ्या पायऱ्या चढून आलेले होते, आणि त्याच वर्षी अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करण्यास महाराजांचे साहाय्य घेऊन पुन्हा लंडनला जावयाचे होते.

आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदे सरकारची नोकरी करण्याचा करार. हे आश्रयाचे युग. १९१६ साली ते लंडनला निघाले, तेव्हा कोलंबियाचे प्राध्यापक सेलिग्मन ह्यांनी तिकडील विद्वानांस त्यांच्याविषयी पत्रे दिली. हे शिफारसीचे युग. आंबेडकरांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता हे आम्ही विसरलो नाही. परंतु ज्यांच्या वर्गांचा त्यांच्यावर फार मोठा परिणाम झाला, ते जॉन ड्यूई हे मूळचे मानसशास्त्रज्ञ. १८८७ साली ह्या विषयावर त्यांनी ग्रंथ लिहिला होता आणि १८९९ साली ते अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघाचे अध्यक्ष होते. मे १९१६ मध्ये आंबेडकरांनी गोल्डनवायझर ह्यांच्या मानवशास्त्राच्या अभ्यासमंडळापुढे हिंदुस्थानातील जातींविषयी जो निबंध वाचला, त्यात जातिबंधनांचा प्रसार कसा झाला ह्याचा उलगडा करताना त्यांनी फ्रेंच पंडित तार्द ह्यांच्या अनुकरणविषयक सिद्धान्ताचा आधार घेतला आहे. वरच्याचे अनुकरण खालचा करतो, हा नियम मनाचा आहे. पंचविशीतल्या एका विद्यार्थ्याने पाश्चात्य मानसशास्त्राचे हत्यार उचलले आणि आपल्या घरच्या जखमेवर चालविले! शिष्यवृत्ती महाराजांची, शिफारस गोऱ्या प्राध्यापकाची; परंतु प्रश्न मात्र स्वतःचा. आमच्या मते ह्या साऱ्या इतिहासातील सार ह्या एका ओळीत आले आहे.

असो. ज्यांना मोठे दार लाभले नाही, ते बाजूच्या दाराने आत गेले. हे बाजूचे दार म्हणजे शिक्षकांचे शिक्षण. आचार्य अत्रे लंडन विद्यापीठाची शिक्षकाची पदविका घेऊन १९२८ साली परतले. तेथे त्यांनी सिरिल बर्ट ह्यांच्याजवळ प्रायोगिक मानसशास्त्राचा अभ्यास केला होता. पुढे मराठी मुलांच्या हाती पडलेली त्यांची 'नवयुग वाचनमाला' पाहिली, म्हणजे मुलाचे मन कशात रमते हे जाणणाऱ्या शिक्षकाचा हात तीत दिसतो. मराठीत विनोद व नाटक गाजविणाऱ्या ह्या लेखकाने मानसशास्त्राचे पाणी चाखले होते, हे पुष्कळ वाचकांस नवीन वाटेल.

ह्याच बाजूच्या दाराने गेलेले दुसरे गृहस्थ म्हणजे वि. वि. कामत. त्यांचे नाव आज फारसे कोणास आठवत नाही, ह्याचे आम्हांस वाईट वाटते. फ्रान्समध्ये बिने ह्यांनी १९०५ साली मुलांची बुद्धी मोजण्याच्या कसोट्या तयार केल्या आणि १९१६ साली अमेरिकेत टर्मन ह्यांनी त्या तिकडच्या मुलांसाठी बदलून घेतल्या. कामत ह्यांनी मुंबई इलाख्यातील कानडी व मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी ह्या कसोट्यांची नवी बांधणी केली. त्यांचा त्याविषयीचा लेख १९३४ साली इंग्लंडातील शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात आला आणि हिंदी मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचा ग्रंथ १९४० साली ऑक्सफर्डच्या छापखान्याने प्रसिद्ध केला. हे काम भाषांतराचे आहे असे वरवर पाहणारास वाटेल. परंतु विचार करावा. अमेरिकेतल्या मुलास तिकडची नाणी ओळखता येतात म्हणून आपल्या मुलापुढे तीच नाणी ठेवून चालेल काय? कानडीत सोपा असलेला शब्द मराठीत अवघड असेल, शहरात सहाव्या वर्षी येणारे उत्तर खेड्यात आठव्या वर्षी येईल, आणि शेतात राबणाऱ्या मुलास जे ठाऊक असते ते शहरातील मुलास मुळीच ठाऊक नसेल. तेव्हा प्रत्येक प्रश्न मुलांपुढे ठेवून, कोणत्या वयाची किती मुले तो सोडवितात हे मोजून, मग त्याची जागा ठरवावी लागते. जेथे कानडी आणि मराठी एकमेकींच्या अंगणात वावरतात त्या मुलखाचा प्रश्न ह्या मनुष्याने उचलला, आणि तो जगाच्या पंक्तीस नेऊन बसविला.

आता आम्ही तिसऱ्या युगाकडे वळतो. हे परीक्षेचे युग, आणि ह्यात एक मोठा चमत्कार आहे. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, अमेरिकेच्या सैन्यात भरती होणारांची बुद्धी घाऊक प्रमाणावर मोजण्याचे काम मानसशास्त्रज्ञांनी अंगावर घेतले. त्या कामातील एक तरुण कार्ल ब्रिगम ह्यांनी १९२३ साली ग्रंथ लिहून युरोपातील अमुक वंशाचे लोक बुद्धीने श्रेष्ठ व तमुक वंशाचे कनिष्ठ, असा निवाडा दिला. १९२६ साली कॉलेजप्रवेशासाठी जी प्रसिद्ध परीक्षा निघाली ती ह्याच ब्रिगमांच्या हातची. पुढे १९३६ साली कार्नेगी प्रतिष्ठानाने पदवीनंतरच्या अभ्यासक्रमासाठी तशाच धर्तीची परीक्षा सुरू केली, आणि १९४७ साली प्रिन्स्टन येथे निघालेल्या संस्थेने ती लवकरच आपल्या हाती घेतली. जी. आर. ई. ह्या नावाने ती आज आपल्याकडच्या घरोघरी माहीत आहे. म्हणजे मानसशास्त्राने जी मोजपट्टी तयार केली तीच मानसशास्त्राचे दार ठोठावणाराच्या डोक्यास लावली गेली! वैद्याने स्वतःचीच मात्रा आपल्या उमेदवारांस चाटवावी, तसे हे झाले.

ह्या मात्रेचे गुण-दोष दोन्ही सांगितले पाहिजेत. दरबारच्या मर्जीपेक्षा आणि ओळखीच्या पत्रापेक्षा परीक्षा न्यायी, हे आम्ही मान्य करतो. कागदावर जात दिसत नाही, बापाची मिळकत दिसत नाही. परंतु कागदावर भाषा दिसते, शिकवणीचा वर्ग दिसतो, आणि तेवढ्याने सगळे फिरते. ब्रिगम ह्यांचे पुढे काय झाले हेही ऐकण्यासारखे आहे. १९३० साली त्यांनी आपला वंशविषयक निवाडा निराधार असल्याचे स्वतःच छापून मोकळेपणे मागे घेतला. निरनिराळ्या भाषांच्या व रीतिभातींच्या लोकांची ह्या कसोट्यांनी तुलना होऊ शकत नाही, असे त्यांचे मत झाले. परीक्षा मात्र राहिली. माप घेणारा शहाणा झाला तरी माप बाजारात चालूच राहते, हा व्यवहाराचा नियम आहे. अमेरिकेतील मानसशास्त्राच्या कित्येक विभागांनी २०२० नंतर ह्या परीक्षेची अट काढून टाकली, ही मात्र नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

स्वातंत्र्यानंतर दारे जवळ आली. १९४९ साली कोल्हापूर संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झाले आणि त्याच वर्षी पुण्याचे विद्यापीठ सुरू झाले. पुण्यास प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग १९५० साली निघाला आणि प्राध्यापक कोठुरकर ह्यांनी तो वाढविला. मुंबई विद्यापीठात उपयोजित मानसशास्त्राचा विभाग १९५९ साली निघाला. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन राष्ट्रपती राधाकृष्णन् ह्यांच्या हस्ते झाले. तेही तत्त्वज्ञानाचेच प्राध्यापक, हा योगायोग सुखद आहे. हातकणंगल्याच्या विद्यार्थ्याचे विद्यापीठ ह्या तेरा वर्षांत मुंबईहून पुण्यास आणि पुण्याहून कोल्हापुरास आले. ज्या अर्जास टपालाने बोरघाट उतरावा लागे, तो आता सकाळच्या गाडीने हाती नेऊन देता येऊ लागला.

दार जवळ आले, परंतु आतल्या घरात आणखी दारे निघाली. मनोरुग्णांच्या चिकित्सेचे शिक्षण देण्यासाठी बंगलोर येथे १९५४ साली अखिल भारतीय संस्था निघाली. पुढे १९७४ साली तेथील मनोरुग्णालयाशी एक होऊन तिने आजचे रूप घेतले. १९९२ च्या कायद्याने पुनर्वसन परिषद आली, आणि चिकित्सक म्हणून नोंद व्हावयाची तर नुसते एम्. ए. पुरेनासे झाले, त्यापुढे मान्यताप्राप्त संस्थेत विशेष प्रशिक्षण आवश्यक ठरले. अशा जागा थोड्या आणि उमेदवार फार. इकडे गरज किती आहे पाहावी. बंगलोरच्या संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या पाहणीत प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोक त्या वेळी कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने पीडित आढळले, आणि निरनिराळ्या विकारांच्या बाबतीत शेकडा ७० ते ९२ रोग्यांस उपचारच मिळत नव्हता. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. तेव्हा आपल्या राज्याचा आकडा त्या पाहणीने सांगितलेला नाही. आणि ज्या घरात असे दुखणे आहे त्या घरास आकड्याची वाट पाहता येत नाही. 'वेड्यांचा डॉक्टर' म्हणून हसणारांपैकी कित्येकांच्या माजघरात असे एखादे मौन बसलेले असते, हे आम्ही शिक्षकाच्या नात्याने पाहिलेले आहे.

आज परदेशी अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याकडून साधारणतः ज्या गोष्टी मागतात, त्यांत वरील तिन्ही युगे एकत्र नांदत आहेत. गुणपत्रिका व परीक्षेचे गुण हे तिसरे युग. प्राध्यापकांची दोन-तीन शिफारसपत्रे हे दुसरे. आणि पैसा कोण भरणार हा प्रश्न पहिले. महाराष्ट्र सरकार अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांस परदेशी अभ्यासासाठी जी शिष्यवृत्ती देते, तिला राजर्षी शाहू महाराजांचेच नाव आहे. जे एके काळी राजाच्या मर्जीवर होते ते आता नियमाने मागता येते, ही प्रगती लहान नव्हे.

परंतु ह्या साऱ्यांहून महत्त्वाचा कागद निराळाच आहे. तो म्हणजे अर्जदाराने स्वतःच्या हेतूचे केलेले निवेदन. आपणांस ह्या विषयाचा अभ्यास का करावयाचा आहे, कोणत्या प्रश्नाचा करावयाचा आहे, आणि अमुक प्राध्यापकांच्याच हाताखाली का, हे त्यात सांगावयाचे असते. अमेरिकेत मानसशास्त्राच्या डॉक्टरेटसाठी विद्यार्थी पुष्कळदा विभागात नव्हे, एका विशिष्ट गुरूच्या प्रयोगशाळेत प्रवेश मागतो. लाइप्झिगची जुनी रीत ह्या रूपाने अजून चालू आहे.

ही निवेदने आम्ही दरवर्षी वाचतो. 'मला लहानपणापासून माणसांची आवड आहे', 'मला लोकांस मदत करावयाची आहे', अशी त्यांची सुरुवात असते, आणि पुढे फ्रॉइड व युंग ह्यांची नावे येतात. ही वाक्ये खोटी नसतात. पण ती हातकणंगल्याहून निघाली काय आणि हेलसिंकीहून निघाली काय, वाचणारास फरक कळत नाही. ह्याचे कारण विद्यार्थ्याची बुद्धी उणी आहे हे नव्हे. आपल्या गावात अभ्यासण्याजोगे काही असू शकते, असे त्यास कोणी सांगितलेलेच नसते. अलाहाबादचे प्राध्यापक दुर्गानंद सिन्हा ह्यांनी हीच तक्रार साऱ्या भारतीय मानसशास्त्राविषयी आयुष्यभर केली. विषय परका, कसोट्या परक्या, आणि निष्कर्षही आधीच परक्यांनी काढून ठेवलेले.

आता ह्याच तालुक्यात काय आहे पाहावे. इचलकरंजीत रात्रपाळीने यंत्रमाग चालविणारा कामगार दिवसा झोपतो. त्याच्या झोपेचे, लक्षाचे, चिडखोरपणाचे काय होते? हुपरीच्या चांदी-कारागिराचे बोट जे जाणते ते त्यास शब्दांनी सांगता येत नाही. मग मुलगा ते शिकतो कसा? मराठवाड्यातून ऊसतोडीस येणाऱ्या कुटुंबांची मुले दर हंगामात शाळा बदलतात. त्यांच्या वाचनाचे काय होते? २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचा पूर घरांत शिरला. त्यानंतर पावसाचा आवाज ऐकून कोणाची झोप उडते, आणि किती वर्षे? ह्या प्रश्नांपैकी एकही क्षुल्लक नाही, आणि एकही परदेशी पुस्तकातून उचलून आणावा लागत नाही.

कानडी-मराठीचाच प्रश्न घ्या. घरी एक भाषा व शाळेत दुसरी असली की मुलाची बुद्धी गोंधळते, असे १९२३ साली वेल्समधील सेअर ह्यांच्या पाहणीवरून ठरल्यासारखे झाले होते. १९६२ साली कॅनडातील माँट्रिअल येथे पील व लॅम्बर्ट ह्यांनी फ्रेंच व इंग्रजी दोन्ही भाषा येणाऱ्या मुलांची, सांपत्तिक स्थिती सारखी धरून, नीट तुलना केली, तेव्हा दुभाषी मुले मागे तर नव्हेच, उलट पुढे निघाली. आपल्याकडे ओडिशात अजित मोहंती ह्यांनी कंध आदिवासी मुलांत कुई व ओडिया दोन्ही बोलणारी मुले आणि केवळ ओडिया बोलणारी मुले ह्यांची तुलना केली, आणि तेथेही दोन भाषांनी नुकसान होत नाही, फायदाच होतो, असे दिसून आले. कंध मुलांचा प्रश्न जगाच्या ग्रंथांत गेला तो ओडिशातील एका माणसाने विचारला म्हणून. सीमेवरील आपल्या मुलांचा प्रश्न कामतांनी उचलला होता. तो पुढे नेणारा अर्जदार हातकणंगल्याहून निघू नये असे कोठे लिहिले आहे?

येथे एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. प्रश्न कितीही अस्सल असला तरी इंग्रजी कच्चे, अर्जाची फी भारी, आणि शिफारस देणारा प्राध्यापक जगास अपरिचित. अशा स्थितीत दार उघडेल का? आमचे उत्तर असे, की प्रत्येक वेळी उघडणार नाही. गिरींद्रशेखरांजवळ स्वतःचा व्यवसाय होता, आंबेडकरांच्या पाठीशी दोन राजे होते. प्रश्न हा चावी आहे, पण चावी फिरविण्यास मनगटात बळ लागते, आणि ते बळ घर, शाळा व समाज ह्यांनी पुरवावयाचे असते. तथापि ज्याच्याजवळ प्रश्न आहे तो दार न उघडले तरी रिता राहत नाही. अत्रे वाचनमाला करतात, कामत कसोट्या करतात, एखादा शिक्षक आपल्याच वर्गातील मुलांची नोंदवही ठेवतो. प्रश्न नसलेल्यास दार उघडले, तर मात्र तो आत जाऊन दुसऱ्याच्या प्रश्नांची पाटी उचलतो.

म्हणून आईबापांस आमचे सांगणे थोडे आहे. मुलाने किंवा मुलीने मनाच्या विद्येचे नाव काढले, तर पगार किती हे जरूर विचारावे. तो संसारी माणसाचा हक्कच आहे. पण त्याआधी, 'तुला कोणाच्या मनातले काय शोधून काढावयाचे आहे?' हे विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत घाई करू नये. मराठीत येऊ द्यावे, अडखळत येऊ द्यावे. त्या उत्तराचे इंग्रजी करून देण्यास शिक्षक आहेत. ते उत्तर मात्र आम्हां शिक्षकांस लिहून देता येत नाही, आणि कोणत्याही परीक्षेत ते पाठ करून मिळत नाही.